नागीण, कंबरपट्टा आणि गुडघ्याची वाटी

आईचे फोन सहसा पावसापासून सुरू होतात आणि "जेवलीस का?" वर संपतात. श्रावणातल्या त्या सकाळी तिने पाऊस सोडूनच दिला. "अगो, मला नागीण उठलेय," म्हणाली.

दोन-तीन दिवस तिची उजवी बरगडी ठणकत होती. वात असेल म्हणून तिने ओवा चावला, तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी घेतली. आदल्या संध्याकाळी पाठीच्या कण्यापासून काखेखालून पुढे येणारा लालसर पट्टा दिसला, त्यावर मोहरीएवढे पाणीदार फोड. शेजारच्या काकूंनी पदर बाजूला करून बघितलं आणि जागच्या जागी निदान केलं. निदान बरोबर होतं. पुढचं वाक्य मात्र त्यांनी पोटात ठेवायला हवं होतं. "तोंडाला तोंड मिळू द्यायचं नाही हो, वहिनी."

नागीण अंगाभोवती सरकत जाते आणि तिचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस दगावतो, हे कोकणातच काय, घाटावरही सगळ्यांना माहीत असतं. काकूंच्या माहेरी एक जण असा गेला होता. (असा एक जण प्रत्येकाच्या माहेरी असतो.) खाडीपलीकडे गेरू लावणारा एक माणूस आहे, तो पट्ट्याच्या दोन्ही टोकांना गेरूची रेघ ओढतो, मग नागीण रेघ ओलांडत नाही, असंही कळलं. मी त्याच रात्रीची एसटी धरली.

डॉक्टरांनी एक मिनिट बघितलं. कागदावर नाव लिहिलं, मोठ्याने वाचलं, "हर्पीस झोस्टर." पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो, वेळेत आलात, म्हणाले. दिवसातून पाच वेळा, सात दिवस. आई गप्प होती. बाहेर पायरीवर चपला घालताना तिने माझा दंड धरला. "म्हणजे नागीण नाही ना?"

तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं होतं ते बघून मी गप्प बसले. कारण डॉक्टरांनी नागीणच म्हटलं होतं, फक्त ग्रीकमध्ये. हर्पीस हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून आला त्याचा अर्थ सरपटणं. आपला सर्प, लॅटिनमधला 'सर्पेन्स' आणि हा 'हर्प' ही एकाच घरातली भावंडं. आपल्याकडे आणि रोममध्ये राहिलेला स ग्रीसला जाऊन ह झाला, एवढंच. आणि झोस्टर म्हणजे कंबरपट्टा, योद्धे कमरेला बांधत तो. इंग्रजीत याच आजाराला शिंगल्स म्हणतात, तेही लॅटिनमधल्या कमरपट्ट्यावरूनच आलं. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचा कुणी ग्रीक वैद्य आणि आमच्या काकू, दोघांनी एकाच पुरळाकडे बघितलं, दोघांना सरपटणारं काहीतरी दिसलं आणि ते कमरेभोवती चाललंय हेही दिसलं. फरक इतकाच की त्याचं नाव कळत नाही म्हणून भीती वाटत नाही.

हे माझ्या डोक्यात घोळत राहतं, कारण मी पोटासाठी हेच करते. दवाखान्यांची माहितीपत्रकं, औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रं इंग्रजीतून मराठीत आणायची. चाचणीचं काम असेल तर माझं मराठी आणखी कुणाकडे तरी जातं, तो ते परत इंग्रजीत करतो आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघतात की मधल्या मधे काही सांडलं तर नाही. याला उलट भाषांतर म्हणतात. कितीही नीट काम केलं तरी तो कागद परत येईपर्यंत माझ्या पोटात थोडं ढवळतंच.

एकदा मी लिहिलं होतं, 'इंजेक्शन दंडाच्या स्नायूत दिले जाईल.' परत आलं ते 'दंडाच्या नर्व्हमध्ये दिले जाईल.' वरती लाल शाईत तीन प्रश्नचिन्हं. नसेत सुई! मी चिडून फोन लावला तर उलट भाषांतर करणारा भला माणूस उत्तरेत वाढलेला, घरी बंगाली. मराठी उत्तम, पण स्नायू म्हटलं की त्याच्या डोक्यात लहानपणापासून नर्व्हच. बंगालीत खरोखरच स्नायू म्हणजे नर्व्ह. मराठीत स्नायू म्हणजे मसल. आणि सुश्रुताकडे गेलात तर तो दोघांनाही बाजूला सारतो. त्याच्या लेखी स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर. ते त्याने 900 मोजले आहेत आणि मांसाच्या पेशी 500. पुढे त्याने दिलेला दाखला मला फार आवडतो. फळ्या जोडून केलेली होडी पुष्कळ बंधनांनी नीट आवळली की पाण्यावर भार पेलते, तसं सांध्यांना स्नायूंनी बांधलंय म्हणून माणूस भार सहन करतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेल्या होड्या शतकानुशतकं चालल्या. सुश्रुताची होडी समुद्रातली की नदीतली कोण जाणे, पण समुद्राकाठी वाढलेल्या कुणालाही ती लगेच दिसते.

गंमत म्हणजे ग्रीकांचंही असंच घसरलं. त्यांचा 'न्यूरॉन' मुळात दोर, तात, धनुष्याची प्रत्यंचा. आपल्या स्नायूचा तो सख्खा नातेवाईक आहे. प्रेत उघडून बघणाऱ्याला पांढरा चिवट धागा दिसतो. तो हाड बांधणारा आहे की मेंदूचा निरोप नेणारा, हे धाग्यावर लिहिलेलं नसतं. मग एकच शब्द कुठे दोर झाला, कुठे नस, कुठे मांस. त्या दिवशी आम्ही तोडगा काढला: 'दंडाच्या मांसल भागात'. सुश्रुताने हरकत घेतली नसती.

पेशीचंही तेच. मराठीत पेशी म्हणजे सेल, हिंदीत त्याला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हटलं की कोर्टातली तारीख. 1665 साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याला रिकाम्या कप्प्यांच्या ओळी दिसल्या आणि त्याने सेल, म्हणजे खोली, हे नाव दिलं. त्या खोल्या रिकाम्या होत्या कारण राहणारे मरून गेले होते. हिंदीवाल्यांनी कोशिका म्हणून ती खोली ठेवली. आपण पेशी म्हटलं, म्हणजे मांसाचा गोळा. माझं मत विचाराल तर चुकून का होईना, पण आपला शब्द जिवंत आहे.

तर, गोळ्यांचा दुसरा दिवस. पुन्हा दवाखान्यात गेलो, बाकावर नंबर लावून बसलो. आईशेजारी एक आजोबा होते. आईने विचारायचा अवकाश, त्यांनी धोतर वर करून गुडघ्यांवरचे व्रण दाखवले. "दोन्ही वाट्या बदलल्या. लाखाच्या वर गेले." वाटी! डॉक्टर जिला पटेला म्हणतात तीही लॅटिनमध्ये ताटलीच आहे, लहानसं पसरट भांडं. रोममधल्या कुणाला तरी गुडघ्यात ताटली दिसली आणि आपल्याला वाटी. भांडी कुठल्याही घरात ओट्यावर हाताशी असतात, त्यामुळे शरीराचा बराचसा भाग स्वयंपाकघरातून भरलेला आहे. (खरं तर शस्त्रक्रियेत वाटी बदलतातच असं नाही, बदलतात ती मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं. पण आजोबांना हे कोण सांगणार? लाख रुपये त्यांनी वाट्यांचेच मोजलेत.)

बाकावर वेळ भरपूर होता. मी मनातल्या मनात खालून वर चढत गेले. नडगीच्या हाडाला डॉक्टर टिबिया म्हणतात, म्हणजे बासरी. पूर्वी प्राण्यांच्या पायाच्या हाडांच्या बासऱ्या करत. आपण त्याला नळी म्हणतो आणि मटणाच्या रश्श्यात ती कुणाच्या ताटात पडते यावरून भावाभावांत भांडणं होतात. रस्सा संपल्यावर तोंडाला लावून फुंकली तर ती वाजतेही. कण्याच्या शेवटी कॉक्सिक्स, ग्रीकांचा कोकीळ, कारण त्या हाडाचा बाक त्यांना कोकिळेच्या चोचीसारखा वाटला. तिथे आपलं माकडहाड. याबाबतीत मी आपल्या लोकांना पैकीच्या पैकी गुण देईन. कुठली चोच नि कसलं काय, सरळ शेपटीची जागा सांगून टाकली. माकडहाड शेकून निघालेल्या माणसाकडे बघून कुणाला कोकीळ आठवणं शक्य नाही.

आणि दंड. शाळेत मुलं बाही वर करून, मूठ आवळून फुगवून दाखवतात ती बेडकुळी. कुणी बेटकुळी म्हणतं. कातडीखाली एक लहानशी बेडकी उडी मारायच्या बेतात बसली आहे. मसल या शब्दात रोमन लोकांना दिसला तो उंदीर. लॅटिन 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर, आपल्या मूषकाचा भाऊबंद. हात वाकवला की कातडीखालून उंदीर पळतो. जगभरच्या व्यायामशाळांत आरशासमोर घाम गाळणारे लोक खरं तर उंदीर पोसतायत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. बेडकी निदान पावसाळ्यात शोभून दिसते.

पण या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचा शब्द मी पुस्तकात वाचला नाही, प्रत्यक्ष बघितला. सहा वर्षांपूर्वी आईचा मोतीबिंदू काढला. हाही शब्द बघा: आपण मोती म्हणतो, तो पिकला म्हणतो. इंग्रजीतला कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा, कारण डोक्यातून काहीतरी द्रव डोळ्यात उतरून साकळतो अशी जुनी समजूत. तर काढल्यानंतर महिनाभर थेंब घालायचे होते. आईला पाठीवर झोपवायचं, खालची पापणी ओढायची आणि बरोबर थेंब पाडायचा. पहिल्या दिवशी माझा हात कापत होता म्हणून मी फारच जवळ वाकले. तर तिच्या डोळ्याच्या मधोमध, त्या काळ्या गोलात, एक इवलीशी बाई दिसली. हातात बाटली, केस पुढे आलेले. मीच होते ती.

डोळ्यातली बाहुली हा शब्द मी जन्मभर वापरत होते. ती बाहुली कोण हे त्या दिवशी कळलं. लॅटिन 'प्युपिला' म्हणजेही बाहुलीच, छोटी मुलगी. ग्रीकमध्ये 'कोरे', मुलगी. संस्कृतात कनीनिका, पुन्हा मुलगी. यातल्या कुणी कुणाचं बघून लिहिलं असं म्हणायची गरज नाही. दुसऱ्याच्या डोळ्यात बघायला जेवढं जवळ जावं लागतं तेवढं जवळ जो कुणी गेला त्याला ती दिसली. "काय गो, थांबलीस का?" आई म्हणाली. थेंब तिच्या नाकावर पडला होता.

चित्र नेहमी बरोबरच असतं असं नाही, आणि चुकलेली चित्रंही शब्दात तशीच राहून जातात. आर्टरी हे ग्रीकांनी श्वासनलिकेलाही दिलेलं नाव होतं. हवा वाहणारी नळी. माणूस मेल्यावर धमन्या आकसतात आणि त्यांतलं बरंचसं रक्त शिरांमध्ये जातं, त्यामुळे प्रेतात त्या रिकाम्या सापडतात. मग अलेक्झांड्रियाच्या एरासिस्ट्राटस या ग्रीक वैद्याने सांगितलं की यांतून रक्त वाहतच नाही, प्राणवायूसारखं काही वाहतं. पुढे गॅलेन या वैद्याने जिवंत प्राण्यावर दाखवून दिलं की यातही रक्तच आहे, पण नाव काही सुटलं नाही. आणि आपली धमनी? 'ध्मा' म्हणजे फुंकणं, भाता चालवणं. चरकसंहितेत सरळ सूत्रच आहे: 'ध्मानाद्धमन्यः स्रवणात् स्रोतांसि सरणात् सिराः'. फुंकतात त्या धमन्या, वाहतात त्या सिरा. लोहाराच्या भात्यासारखी उडणारी मनगटावरची नाडी ज्याने बोटाखाली धरली त्याला फुंकर जाणवली तर नवल नाही.

वाऱ्याचं आपल्याला तसंही वेडच आहे. आमच्याकडे कुणाला अर्धांगाचा झटका आला तर "त्याच्यावरून वारं गेलं" म्हणतात. इटलीत दलदलीकडून येणाऱ्या खराब हवेला 'माल आरिया' म्हणत. तापाचं खापर त्या हवेवर फुटलं आणि मलेरिया हे नाव जगभर गेलं. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्या तापाचे जंतू सापडले, हवा निर्दोष सुटली, नाव मात्र अजून शिक्षा भोगतंय. त्या मानाने आपला हिवताप किती शहाणा! कारणाच्या भानगडीत पडलाच नाही. आधी हीव भरतं, मग ताप चढतो, झालं. ज्याला माहीत नाही त्याने दिसेल तेवढंच सांगावं, या नियमाने केलेली नावं टिकतात.

कावीळ हा आपला शब्द कामलेपासून आला, पण तिच्यावरचा उतारा त्याहून जुना आहे. ऋग्वेदात सूर्याला उद्देशून एक ऋचा आहे: 'शुकेषु मे हरिमाणं रोपणाकासु दध्मसि'. माझा पिवळेपणा आम्ही पोपटांवर ठेवतो. पिवळा-हिरवा रंग ज्याचा त्याला परत. तिकडे रोममध्ये प्लिनी नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय की इक्टेरस नावाचा एक पक्षी आहे, काविळीच्या रोग्याने त्याच्याकडे बघितलं की रोगी बरा होतो आणि पक्षी मरतो. डॉक्टरांच्या पुस्तकात कावीळ आजही इक्टेरस आहे. वेदातला पोपट जगला का, हे ऋचेत दिलेलं नाही.

आता मोडशीबद्दल सांगते, कारण ती आमच्या घरची आहे. आंबे जास्त झाले, वर फणस, त्यावर ताक, आणि रात्री पोट बिघडून उलट्या-ढाळ सुरू झाले की आजी म्हणायची, "मोडशी झालेय." मग ओव्याचा अर्क आणि दिवसभर लंघन. मला तो शब्द घरगुती, जरा गावंढळच वाटायचा. मोडणे यावरून आलेला. माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी.

हा गावंढळ शब्द 1563 साली छापून निघालेला आहे. गोव्यात, पोर्तुगिजांच्या छापखान्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादाच्या रूपात मोठं पुस्तक लिहिलं. त्यात काही तासांत माणसाला निचरून टाकणाऱ्या रोगाचं वर्णन आहे आणि त्याचं इथलं नाव त्याने 'मोर्शी' असं नोंदवलंय. आमचे लोक तेच बिघडवून 'मोर्देशी' म्हणतात, असंही तो कबूल करतो. हा कॉलरा. पुढे पोर्तुगीज तोंडात त्याचं 'मोर्देशिम' झालं. मग फ्रेंच आले. त्यांनी तो शब्द ऐकला, त्यांना त्यात स्वतःचीच भाषा ऐकू आली आणि त्यांनी लिहिलं, 'मोर द शियँ'. कुत्र्याचं मरण! आणि अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपी लोक हिंदुस्थानातल्या कॉलऱ्याला कुत्र्याचं मरण म्हणत राहिले. त्या नावात कुत्रा कधीच नव्हता. आजीची मोडशी होती.

ओर्ताची गोष्ट तिथे संपत नाही. तो मुळात ज्यू घराण्यातला, बाटून ख्रिस्ती झालेल्यांपैकी. 1568 मध्ये वारला. 1580 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आता पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. मी तिथल्या बाकावर बसून भेळ खाल्ली आहे, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

परक्या शब्दात आपलंच काहीतरी ऐकू येणं हा फक्त फ्रेंचांचा दोष नाही. 2006 साली चिकनगुनियाची साथ आली तेव्हा आमच्या वाडीत लोकांनी कोंबडी खाणं सोडलं होतं. नावातच चिकन म्हटल्यावर काय! तो शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ 'जो वाकवून टाकतो'. टांझानियाच्या दक्षिण भागात 1952 च्या सुमारास साथ आली तेव्हा तिथल्या लोकांनी दिलेला. त्या वर्षी आमच्या पोस्टमनला महिनाभर सायकलवर टांग टाकता येत नव्हती. माकोंडेतलं ते नाव त्याला कुणी समजावून सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अगदी बरोबर.

आणि लस. कोरोनाच्या काळात या एका शब्दाने मला घर चालवायला पैसे दिले, तेव्हा त्याचं ऋण आहे. व्हॅक्सीन म्हणजे गाईचं. जेन्नरने 1796 मध्ये गाईच्या देवीतून घेतलेलं द्रव्य एका मुलाला टोचलं, तिथून ते आलं. आपल्या शब्दात गाय नाही. आपल्याला दिसलं ते वेगळंच. जखमेतून, फोडातून जे चिकट पाणी झिरपतं ती लस. मुंबईत 14 जून 1802 रोजी ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या, हिंदुस्थानातल्या त्या पहिल्या. बाटली नाही, बर्फ नाही. बगदादहून बसऱ्यामार्गे माणसाच्या दंडावरून माणसाच्या दंडावर असं करत ती लस मुंबईला पोचली, आणि ॲनाच्या फोडातून पुढे इतरांना. म्हणजे एका लेकराच्या दंडातून निघून दुसऱ्याच्या दंडात जाते ती लस. इंग्रजीने उगम सांगितला, मराठीने प्रवास. आता कुपीतल्या द्रवात गायही नसते आणि फोडही, पण टोचून घेताना आई अजून बाही वर करून तोंड भिंतीकडे फिरवते.

यावरून कुणाला वाटेल की मी सगळी परिभाषा चुलीत घालायला निघाले आहे. तसं नाही. क्ष-किरण हा शब्द ज्याने केला त्याला मी घरी जेवायला बोलावलं असतं. राँटगेनला 1895 मध्ये किरण सापडले, ते काय आहेत हे कळेना म्हणून त्याने गणितातल्या अज्ञातासारखं त्यांना एक्स म्हटलं. आपल्याकडे बीजगणितातला अज्ञात क्ष. शब्द न घेता त्यातलं 'माहीत नाही' तेवढं उचललं. उलट, परवा एका पत्रकात लिव्हरच्या जागी यकृत लिहिलं तर एका बाईंनी विचारलं, "म्हणजे काळीजच ना?" मी हो म्हटलं आणि मग दचकले. खाटकाकडे काळीज मागितलं तर तो लिव्हरच बांधून देतो, पण त्याच बाईंचं काळीज जिना चढताना धडधडतं. तेव्हा तिथे कंसात 'लिव्हर' लिहून मोकळी झाले. कर्करोगाचं तर विचारूच नका. गॅलेनला गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, कॅन्सर म्हणजे खेकडा, त्याचा आपण कर्क केला. आमच्या वाडीत कुर्ल्या बारा महिने शिजतात, पण कर्करोग ऐकून कुणाला त्या आठवत नाहीत. लोक कॅन्सर म्हणतात, तोही हळू आवाजात. किंवा नुसतंच, "त्याला ते झालंय."

पाचव्या दिवशी आईच्या फोडांवर खपल्या धरल्या. दुखणं होतं, पण झोप लागायला लागली होती. तेव्हा मी तिला सांगितलं की डॉक्टरांच्या कागदावर नागीणच लिहिली आहे. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उठून बसली. "मग तोंडाला तोंड?"

मी तिच्या पाठीवर बोट ठेवलं, मणक्याच्या उजव्या बाजूला. सांगितलं की लहानपणी तुला कांजिण्या आल्या होत्या, त्याचे विषाणू गेलेच नाहीत. इथे, एका शिरेच्या मुळाशी ते साठ वर्षं झोपून होते. आता जागे झाले आणि त्या एका शिरेवरून पुढे आले. प्रत्येक मणक्याजवळून दोन शिरा निघतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पाठीपासून छातीच्या मधोमध येते आणि तिथे संपते. पलीकडे दुसरीची हद्द. म्हणून नागीण सहसा मधली रेघ ओलांडत नाही. तो गेरूवाला बरोबर त्याच दोन जागी रेघा ओढतो, जिथे ती आपणहून थांबणार असते. त्यामुळे त्याचा गुण नेहमी येतो.

आईने हे सगळं डोळे मिटून ऐकलं. शिरेला मज्जातंतू म्हणतात वगैरे मी सांगितलं नाही.

संध्याकाळी काकू अळूची पानं घेऊन आल्या. मी आत होते. ओटीवर आई त्यांना सांगत होती, "अहो, नागीणच ती. पण तिला अर्धंच अंगण दिलेलं असतं. कणा ते छाती. कुंपणापलीकडे जायची टाप नाही."

बराच वेळ काकू काही बोलल्या नाहीत. देठ सोलल्याचा आवाज येत होता.

"मग आमच्या माहेरचा तो कशाने गेला?"

"ते आता त्यालाच विचारायला हवं," आई म्हणाली.